सिद्धलिंगअण्णांच्या घरच्या चार वायरी

सिद्धलिंग वायरमन चोरून मासे खातो, ही बातमी औरादमध्ये आधी पिठाच्या गिरणीत पोचली आणि तिथून दळणाच्या डब्यांबरोबर घरोघर गेली. गिरणीवाल्या ज्ञानोबाला कुठलीच गोष्ट हळू सांगता येत नाही. जन्मभर चक्कीच्या वर आवाज चढवून बोलत आलाय. त्यामुळे गुपितसुद्धा तो तोंडाशी हात धरून, चौकापर्यंत जाईल अशा बेतानं सांगतो.

“अवो, ह्या डोळ्यानं बघितलंय! बीदरच्या गाडीतून उतरायला होता. काखेत काचंची पेटी, पेटीवर चादर, हातात पिशवी. पिशवीत काय? मासे! जित्ते! लिंगायताच्या घरात जित्ते मासे कामून आणत्यात, सांगा बरं?”

“पाळायला आणलं असतील की,” कुणीतरी म्हणालं.

“पाळायला? मग कोंबड्या काय लोक शाळंत घालायला आणत्यात?”

ह्यावर गिरणीतल्या बायका हसल्या आणि हसताना बातमी पक्की झाली. आठ दिवसांत तिला फोडणी बसली. कुणाला अण्णांच्या घरावरून जाताना वास आला. कुणी म्हणालं, डॉक्टरनंच सांगितलंय, बायकोला ताकद यायला रस्सा पाजा म्हणून. एकानं तर अण्णांनी कुठल्या दुकानातून मसाला घेतला तेही सांगितलं.

खरी गोष्ट अशी, की सिद्धलिंगअण्णांनी अठ्ठावन्न वर्षांत अंडंसुद्धा फोडलेलं नाही. गळ्यात लिंग आहे, कपाळावर विभूती आहे, आणि कामाच्या घरी चुलीवर तसलं काही शिजत असलं तर अण्णा गुमान शिडी उचलतात आणि आधी अंगणातला बल्ब बघून घेतात. आणि ते सगळं सोडलं तरी, मासे चोरून खायला माणसाच्या अंगात थोडा तरी उत्साह लागतो. अण्णांच्या अंगात तो तेव्हा उरलाच नव्हता. अण्णा दमले होते.

सुरुवात महाशिवरात्रीच्या आठवड्यात झाली. रुद्रम्मा अक्का, म्हणजे अण्णांची बायको, सकाळी भाकरी थापता थापता डाव्या अंगावर कलंडली. बीदरच्या दवाखान्यात बारा दिवस गेले. जीव वाचला. बोलणंही शाबूत राहिलं, आणि अक्काचं बोलणं शाबूत आहे म्हणजे घरात काय काय शाबूत आहे, हे गल्लीला ठाऊक आहे. पण डावा हात, डावा पाय रुसून बसले. त्याहून विचित्र म्हणजे अक्का डावी बाजूच विसरली. डोळ्यांना दिसायचं, पण ध्यानात यायचं नाही. ताटात उजवीकडची भाजी पुसून खायची, डावीकडची भाकरी तशीच, आणि वर शेजारच्या गीताबाईला विचारायची, “आज भाकरी टाकलीच न्हाई व्हय गं?” केस विंचरायची ते उजवीकडचेच. डावीकडे येऊन कुणी बसलं तर त्याच्याशी न बोलता समोरच्या भिंतीशी बोलायची.

व्यायाम घ्यायला आठवड्यातून दोनदा शैलश्री नावाची मुलगी यायची. तिचं वाक्य कन्नडात उठायचं आणि मराठीत बसायचं. तिनं अण्णांना सांगितलं, “नोडी अण्णा, ह्यांच्या डाव्या बाजूला काहीतरी हलतं ठेवा. टीव्ही नको. टीव्ही ओरडून बोलावतो. न बोलावता बघावंसं वाटलं पाहिजे. गोत्तायता? कळलं?”

अण्णांना कळलं. वायरमन माणूस, हलतं म्हटल्यावर त्यांनी आधी पलंगाच्या डावीकडे टेबलफॅन लावला आणि जाळीला लाल फीत बांधली. फीत दिवसभर फडफडली. अक्का उजवीकडे बघत म्हणाली, “गार वारं कुठनं यायलंय?” मग लुकलुकणाऱ्या दिव्यांची माळ लावली. उजव्या भिंतीवर तिचे लाल-हिरवे ठिपके पडले, ते बघून अक्का म्हणाली, “खोलीचा मंडप करायलाव का माझ्या?” माळ अण्णांनी त्याच संध्याकाळी उतरवली.

चैत्रात तपासणीला बीदरला नेलं. दवाखान्याच्या बाकड्यांशेजारी माशांची पेटी होती. चाकाची खुर्ची जिथं थांबली तिथून ती अक्काच्या नेमकी डावीकडे आली. पाव तास अक्का समोरच्या पेशंटांना नावं ठेवत बसली. मग तिची मान, कुणी न सांगता, सावकाश डावीकडे वळली.

“त्यो काळा बघा,” अक्का म्हणाली. “सारखा दुसऱ्याच्या मागं मागं फिरायलाय. काम न धंदा.”

अण्णांनी बघितलं नाही. ते अक्काच्या मानेकडे बघत होते. अक्काला घरी सोडून अण्णा दुसऱ्या दिवशी परत बीदरला गेले आणि पेटी मांडीवर घेऊन आले. ज्ञानोबानं बघितली ती ही पेटी.

आता खोली कशी ते सांगायला हवं, कारण सगळं अडलं ते खोलीपाशी. पलंगाची उशी मागच्या भिंतीला. समोर दार, दारापलीकडे बाहेरची खोली. पेटी डावीकडेच हवी, म्हणून ती दाराच्या डाव्या अंगाला, उंच लाकडी टेबलावर ठेवली. आणि खोलीतला एकुलता एक प्लगचा बोर्ड उजव्या भिंतीवर, खिडकीखाली. डावी भिंत दगडी. तिकडे पॉइंट काढायचा, असं अण्णा लग्न झालं त्या वर्षापासून म्हणत होते.

पेटी म्हटलं की नुसती काच आणि पाणी नसतं. हवेचे बुडबुडे सोडणारी मोटर, पाणी गाळणारा फिल्टर, वरची लाइट, आणि थंडीत पाणी कोमट ठेवणारा हीटर. चार वस्तू, चार वायरी. अण्णांनी खिडकीच्या बोर्डातून लांब वायरीचा जोडबोर्ड ओढला, जमिनीवर ठेवला, चारी वायरी त्यात खुपसल्या आणि म्हणाले, “तात्पुरतं हाय. उद्या करतो.”

पलंग आणि दार ह्यांच्या मधोमध ते सगळं जाळं पसरलं. मासे डाव्या हाताला फिरायला लागले आणि अक्का रोज थोडी थोडी तिकडे वळायला लागली. वायरी होत्या तिथंच राहिल्या.

कुणी म्हणेल, वायरमनाच्या घरात असं? पण वायरमनाचा दिवस कसा जातो तेही ऐका. एकतीस वर्षं अण्णा लोकांच्या वायरी झाकत आलेत. पूर्वी लोकांना लाइट आली की पुरे व्हायचं, मग ती वायर छतावरून झोका घेत का येईना. आता लोकांना लाइट हवी, वायर नको. टीव्हीची झाकायची, इंटरनेटच्या डब्याची झाकायची, देवघराची झाकायची. पेन्शनर श्रीपतराव आयुष्यभर कचेरीत बसले, ते अजून अर्जातल्यासारखेच बोलतात. “सिद्धलिंग, माझी एकच अट. वायर कोठेही दृष्टीस पडता कामा नये. पडल्यास काम अपूर्ण समजण्यात येईल.” ज्ञानोबाला विचाराल तर, “अण्णा, गिरणीच्या मीटरची बी झाका की! गिऱ्हाइकाला आकडा दिसायला नको!”

अण्णा सगळ्यांना “व्हय” म्हणायचे. हे त्यांचं काम असं, की जितकं चांगलं केलं तितकं दिसत नाही. वाईट केलं तरच लोक बोट दाखवतात. संध्याकाळी गुडघ्यावर हात टेकत घरी यायचे, आपल्याच चार वायरी ओलांडायचे आणि म्हणायचे, “उद्या करतो.” ‘उद्या’ दाराशी निघायचा आणि ‘करतो’ खुर्चीत बसल्यावर. मधे जेवढा वेळ जायचा, तेवढे अण्णा दमलेले असायचे.

आणि बसूनही बसणं नव्हतं. दिवसा गीताबाई अक्कापाशी असायची, पण संध्याकाळची भाकरी, औषधं, अक्काची वेणी, डाव्या हाताची बोटं एकेक करून उघडणं, सगळं अण्णांकडे. आणि सगळ्यावर पुरून उरणारं एक काम, ते म्हणजे सांगणं. “डावीकडं, रुद्रम्मा. डावीकडं.” जेवताना, केस विंचरताना, चादर ओढताना, गीताबाई डाव्या अंगानं आत आली तर. पहिलं ‘डावीकडं’ खणखणीत निघायचं. दुसरं मात्र लाइट गेल्यावर पंखा उतरतो तसं उतरत उतरत थांबायचं. गल्लीत ज्याला नक्कल येते त्याला हे उतरतं ‘डावीकडं’ येतं, आणि जिला नक्कल फार चांगली येते तिला तर ते इतकं यायचं की खिडकीबाहेरून काढलं तरी अक्का मान वळवायची.

श्रावणात अक्का उभी राहिली. भाद्रपदात चार पायांच्या काठीला धरून पलंगापासून खिडकीपर्यंत जायला लागली, म्हणजे उजवीकडे. डावा पाय मागून फरफटत यायचा. पाय आपला आहे हे त्याला सांगावं लागायचं.

एका दुपारी अक्काच्या मनात आलं, माशांना जवळून बघावं. गीताबाई चहा आणायला गेलेली. अक्का उठली, दोन पावलं दाराकडे टाकली आणि डावा पाय मोटरीच्या वायरीत अडकला. पायाला कळलं नाही, आणि पायाचं अक्काला कळलं नाही. तिनं काठी पुढं टाकली, वायर ताणली गेली, पेटीवरची मोटर खाली येऊन लोंबायला लागली. अक्का मागं गेली. नशीब एवढंच की मागं पलंगाची कड होती. धपकन बसली. चहाचा कप घेऊन आलेल्या गीताबाईनं कप दारातच सोडला.

अण्णा घरी आले तेव्हा अक्का भिंतीला टेकून बसली होती. रडलेली नव्हती. अक्का रडली असती तर अण्णांना बरं वाटलं असतं.

“आख्ख्या गावाच्या वायरी झाकल्या तुम्ही,” अक्का म्हणाली. “श्रीपतरावाच्या भिंतीवर माशी बसली तरी दिसंल, वायर दिसत न्हाई. आन् माझ्या पायाखालच्या कुणी झाकायच्या?”

अण्णा जोडबोर्डाकडे बघत राहिले. ‘उद्या करतो’ तोंडात आलं होतं ते त्यांनी गिळलं.

दुसऱ्या दिवशी शैलश्री आली, पाय तपासला, आणि जाताना अण्णांना ओसरीत गाठून म्हणाली, “अण्णा, आज वाचल्या. पण एकदा खऱ्या पडल्या ना, की मार हाडाला कमी आणि मनाला जास्त लागतो. मग माणूस उठायलाच बघत नाही. मी पाहिलेत असे पेशंट. ब्याडा अण्णा, तसं नको व्हायला.”

त्याच आठवड्यात अक्कानं खंडेनवमीचं काढलं. आपल्याकडे नवमीला हत्यारं पूजतात. शेतकऱ्याचं नांगर-विळे, शिंप्याचं मशीन, ज्ञानोबाची चक्की. अण्णांच्या घरात पक्कड, पेचकस, टेस्टर, ड्रिल मशीन, हातोडी, असं सगळं बाहेरच्या खोलीतल्या फळीवर मांडून त्याला विभूती, कुंकू, झेंडूचं फूल. एकतीस वर्षं ते अक्काच्या हातचं. अण्णांचा त्यावर असा विश्वास, की वर्षभर शिडीवर चढताना कुठं काही झालं नाही ते त्या बोटामुळं.

“यंदा कोण लावणार?” अक्कानं विचारलं. “तुमचं हत्यार, तुमचंच बोट?”

“गीताबाईला सांगू.”

“गीताबाईनं स्वतःच्या शिलाई मशीनला लावावं. मी लावणार. पलंगावरून उतरून, ह्या दारातनं जाऊन. शैलश्रीला विचारलंय मी. नऊ पावलं होतात म्हणाली.”

“रुद्रम्मा, परवाच्याला...”

“परवाच्याला वायरी होत्या.” अक्कानं उजव्या हातानं डावा हात मांडीवर नीट ठेवला. “ह्या नवमीला गेले न्हाई, तर पुढच्या नवमीला बी जाणार न्हाई. मला माझं कळतंय.”

हे अण्णांनाही कळलं. अक्का हट्ट करते तेव्हा आवाज चढतो. आज चढला नव्हता.

दसऱ्याच्या दिवसांत वायरमनाला फुरसत म्हणजे थट्टाच. देवीचे मंडप, कमानी, जळालेल्या माळा. अष्टमीच्या सकाळपासून अण्णांचा फोन थांबेना. श्रीपतरावांचा आला. “सिद्धलिंग, देवघरावरील माळ लोंबत आहे. तरी तात्काळ येण्याचे करावे.”

“आज जमत न्हाई सायब,” अण्णा म्हणाले. “घरचं काम हाय.”

“कोणाच्या घरचे?”

“माझ्या.”

असा विषय श्रीपतरावांपुढे कधी आलाच नव्हता.

अण्णांनी फोन बंद करून पलंगावर टाकला आणि खोलीत शिडी लावली. जमिनीवरून तर वायर न्यायचीच नव्हती. म्हणून खिडकीच्या बोर्डापासून पट्टी सरळ वर छतापर्यंत चढवली, छताच्या कडेकडेनं दाराच्या चौकटीवरून आडवी नेली आणि दगडी भिंतीवरून पेटीच्या बाजूला खाली उतरवली. एकतीस वर्षं राहिलेला पॉइंट तिथं निघाला. दगडात भोकं पाडताना ड्रिल थांबायचं, अण्णा थांबायचे, कपाळ बाहीला पुसायचे, परत ड्रिल. आवाजानं मासे पेटीच्या एका कोपऱ्यात गोळा झाले.

“त्यो काचंला तोंड लावून बसलेला बघा,” अक्का पलंगावरून म्हणाली. “डिट्टो ज्ञानोबा. काय चाललंय बघायला आलाय.”

अण्णा हसले नाहीत. दोन्ही हात डोक्याच्या वर होते आणि दातांत खिळे होते.

हवेची मोटर त्यांनी पेटीच्या वरच्या उंचीला भिंतीवर टांगली. खाली ठेवली तर लाइट गेल्यावर पेटीतलं पाणी नळीतून उलटं मोटरीत उतरतं, आणि औरादला लाइट जात नाही असा दिवस कुठला? नवा बोर्ड पेटीच्या बाजूला, पेटीखाली नाही. मग चारी वायरी गोळा केल्या, जास्तीची लांबी गुंडाळून टेबलामागं बांधली, चारींना चार रंगांच्या चिकटपट्ट्या लावल्या म्हणजे कुठली कशाची ते कळावं, आणि चारींची एक वेणी करून ती वरून बोर्डापर्यंत ताठ खेचली. इतकी ताठ की ओळंबा लावून बघावी. शेवटी ह्या वेणीवर बसवायला भिंतीच्याच रंगाची प्लायची फळी. ती लागली की खेळ खल्लास, कुठं काही दिसणार नाही.

चार वाजले होते. गीताबाई तिच्या धाकट्या मुलीला घेऊन बघायला आली आणि दारातच थबकली. “अगं बया! वायरी गेल्या कुठं?” जिथं सहा महिने पाय उचलून टाकायची सवय झाली होती, तिथं तिनं सवयीनं पाय उचललाच.

अण्णांनी फळी हातात घेतली. खांदे भरून आले होते. आता चार स्क्रू, मग अंघोळ, मग आडवं व्हायचं.

“री,” अक्का म्हणाली. घरात अक्का अण्णांना अशीच हाक मारते, कन्नडात. “त्या वायरींना पोट कुठाय?”

अण्णा फळी धरून तसेच उभे राहिले.

पोट म्हणजे काय, ते अण्णांकडून अख्ख्या गावानं ऐकलंय. पाण्याजवळची वायर बोर्डात सरळ शिरू द्यायची नाही. आधी बोर्डाच्या खाली उतरवायची, तिला ढिलं पोट सोडायचं, मग खालून वर बोर्डात घ्यायची. वायरीवरून पाणी ओघळलं तर ते पोटाशी येतं आणि तिथून जमिनीवर गळतं. पोट नसेल तर सरळ बोर्डात उतरतं. गावातल्या कूलरला, बोअरच्या मोटरीला, पाण्याच्या टाकीला अण्णांनी हे पोट सोडलंय, आणि लोकांनी “ते लोंबायलंय तेवढं वर घ्या की” म्हटलं की भांडलेत. जेवताना भांडणाची सगळी हकिकत अक्काला. एकतीस वर्षं.

आणि आज स्वतःच्या घरात, अक्काच्या वाटेत, पाण्याच्या पेटीवरून त्यांनी चारी वायरी ताठ बोर्डात सोडल्या होत्या. दिसू नये, दिसू नये, हे लोकांचं म्हणणं इतकी वर्षं ऐकून ऐकून दमलेल्या हातांनी आपोआप केलं. वर फळी बसली असती तर ते कुणालाच दिसलं नसतं, अण्णांनाही नाही.

अण्णांनी फळी भिंतीला टेकवली आणि पलंगाच्या कडेवर बसले. मग त्यांच्या हळूहळू लक्षात आलं. पेटी डावीकडे. बोर्ड पेटीच्याही डावीकडे. आणि सकाळपासून कामाच्या धांदलीत अण्णांनी एकदाही ‘डावीकडं’ म्हटलं नव्हतं.

“तुला... तिथलं दिसलं?”

“मग? सहा महिने मासे बघून मान दुखली माझी. वायर दिसणार न्हाई व्हय?”

“न्हाई, म्हंजे...”

“आन् एक सांगते. उद्या ते डावीकडं-डावीकडं बंद. हात बी लावायचा न्हाई. तुमचं ऐकून ऐकून डाव्या कानानं ऐकायचं सोडून दिलंय मी.”

ह्यावर गीताबाईची धाकटी, म्हणजे हे लिहिणारी, न राहवून अण्णांच्या आवाजात म्हणाली, “डावीकडं, रुद्रम्मा. डावी...कडं.” पंखा उतरला. अक्का इतकी हसली की डोळे पुसावे लागले.

“अण्णांच्यानं न्हाई राहावणार,” धाकटी म्हणाली. “नऊ पावलं, आन् पुढं सगळी पूजा. एकदा तरी ‘डावीकडं’ निघंलच. लावा पैज!”

अण्णांनी तिच्याकडे बघितलं. ते इतके दमले होते की ‘नको’ म्हणायलाही जास्त बोलावं लागलं असतं. “लाव,” म्हणाले.

अण्णा हरले, तर दसऱ्याला सोनं वाटायला जमलेल्या गल्लीसमोर त्यांची नक्कल करायची, आणि अण्णांनी पहिल्या ओळीत बसून ती बघायची. धाकटी हरली, तर दिवाळीपर्यंत अण्णांचा आवाज तोंडातून काढायचा नाही. अक्का साक्षीला.

अण्णांनी वेणीची गाठ सोडली, वायरी सैल केल्या, त्यांना पोट सोडलं आणि मगच फळी बसवली. फळीच्या खाली चार बोटं वायर लोंबताना दिसते. श्रीपतरावांनी बघितली असती तर काम अपूर्ण समजण्यात आलं असतं.

नवमीच्या सकाळी गीताबाईनं झेंडूची माळ पाण्यात बुडवून आणली आणि विचार न करता आधी पेटीला घातली, तीही टपटपती. अण्णा काही म्हणायच्या आत पाणी झाकणावरून वायरीवर आलं. फळीमागून ओघळलं, खाली पोटाशी येऊन थेंब झाला, थरथरला, आणि फरशीवर पडला. बोर्ड कोरडा. अण्णा त्या थेंबाकडे बघत उभे राहिले.

अक्का उठली. इरकल साडी, ओलं कपाळ, चार पायांच्या काठीवर उजवा हात घट्ट, डावा हात गीताबाईनं फडक्यानं सैल बांधलेला. शैलश्री मागं, पण हातभर लांब. अण्णा दारापलीकडे, हत्यारांच्या फळीशेजारी. त्यांनी जुना जोडबोर्ड हातात घेतला होता, माळ्यावर टाकायचा म्हणून, पण टाकला नाही. त्याची वायर दोन्ही मुठींत धरून हात पाठीमागं नेले.

एक. दोन. तिसऱ्या पावलाला, जिथं वायरी असायच्या तिथं, अक्का थांबली. डावा पाय तिनं गरजेपेक्षा वर उचलला. तिथं काही नव्हतं. पाय हवेत राहिला, अक्का डगमगली. अण्णांचा एक खांदा पुढं आला.

“मागं सरा,” अक्का म्हणाली.

अण्णा मागं सरले. पाय खाली आला. चार. पाच. दाराशी अक्कानं मान वळवून पेटीकडे बघितलं, काचेतल्या ज्ञानोबाकडे, आणि पुढं निघाली. नवव्या पावलाला फळी आली.

अक्कानं काठीवरचा उजवा हात सोडून फळीवरच्या विभूतीत तीन बोटं बुडवली. ड्रिल मशीन. हातोडी. पक्कड. पेचकस. प्रत्येकाला तीन बोटं ओढून, कुंकू, फूल. तिथं हात थांबला. अक्कानं विभूतीची वाटी बाजूला सारली.

फळीच्या अगदी डाव्या टोकाला, पेचकसापासून चांगला वीतभर लांब, पिवळ्या मुठीचा जुना टेस्टर होता. लग्नाच्या वर्षी घेतलेला. तो तसाच, कोरा.

धाकटी अक्काकडे बघत नव्हती. ती अण्णांच्या गळ्याकडे बघत होती. तिथं ‘डा’ आलेला स्पष्ट दिसत होता. गळा वर गेला. ओठ उघडले. ओठ मिटले. पाठीमागं मुठींत वायर करकरली. शैलश्रीनं डोळे मिटून घेतले. अण्णा उभे होते, आणि ते उभं राहणं शिडीवर दिवसभर उभं राहण्यापेक्षा जड असावं, कारण घाम लांबूनही दिसत होता.

अक्कानं काठी सारखी केली. वजन उजव्या पायावर घेतलं. आणि मान, सावकाश, दवाखान्यात माशांकडे वळली होती तशी, डावीकडे वळली.

“हे टेस्टर एवढं लांब कोपऱ्यात कुणी ठेवलं?”

“मी,” अण्णा म्हणाले. आवाज फाटला.

“मुद्दाम?”

“व्हय.”

अक्कानं वाटी परत पुढं ओढली, टेस्टरला तीन बोटं ओढली, फूल ठेवलं, आणि मग तेच विभूतीचं बोट अण्णांच्या कपाळाला लावलं. “बघायला होतास व्हय माझी परीक्षा,” ती म्हणाली. एकतीस वर्षांत पहिल्यांदा अक्काच्या तोंडातून अण्णांना ‘तू’ निघालं आणि कुणीच ते दुरुस्त केलं नाही.

अण्णांनी पाठीमागचे हात पुढं आणले. दोन्ही तळव्यांवर वायरीचा लाल वळ उमटला होता. ते तिथंच उंबऱ्यावर बसले, जोडबोर्ड मांडीवर ठेवला आणि धाकटीकडे बघितलं.

“हरलीस?”

“हरले.”

“मग गप बस,” अण्णा म्हणाले आणि चौकटीला डोकं टेकून डोळे मिटले. दोन मिनिटांत घोरायला लागले. फुलं, कुंकू, नैवेद्य, कशालाही उठले नाहीत. अक्कानं उठू दिलं नाही.

तर पैज हरली. दिवाळीला अजून अठरा दिवस आहेत, आणि तोवर अण्णांचा आवाज तोंडातून काढायचा नाही. वहीत काढायचा नाही, असं काही ठरलं नव्हतं.